पंप फिरतोय, पण पाणी वाहतंय का?

वाचकहो, शेतीची थ्री फेज लाइट रात्री कधी येते हे तुम्हाला सांगायला नको. आपण घरी गोधडीत असतो. स्टार्टरच्या पेटीत 'ऑटो' बसवलेला असतो, लाइट आली की तो आपोआप मोटार चालू करतो. वीज कंपनी हे ऑटो काढा म्हणून वर्षानुवर्षे सांगते आहे, आणि आपण ते वर्षानुवर्षे बसवतो आहोत. काय करणार, थंडीत विंचू-सापातून विहिरीवर जायला कुणाला हौस आहे? सकाळी जाऊन बघावे तर दंडाला पाणी नाही आणि मोटार चटका बसेल इतकी तापलेली. विहिरीचे पाणी रात्रीच तुटलेले असते, नाहीतर फुटवॉल्व्हमध्ये काडीकचरा अडकून पंपाने हवा धरलेली असते. मोटार बिचारी पहाटेपर्यंत फिरत असते. कोरडीच.

मग आपण वायरमनला विचारतो, "अरे, स्टार्टरला ओव्हरलोड रिले होता ना? मग तो का नाही पडला?" इथेच गंमत आहे. ओव्हरलोड रिले पडतो तो आकडा वाढला तर. पाणी तुटले की पंपावरचे ओझे कमी होते आणि अँपिअरचा आकडा खाली येतो. रिलेच्या दृष्टीने मोटार आरामात असते. आत मात्र सील जळत असते. सबमर्सिबल असेल तर अजून वाईट, कारण तिच्या अंगावरून वाहणारे पाणी हेच तिला थंड ठेवते आणि आतली बुशही पाण्यावरच चालतात. पाणी गेले की थंडावाही गेला आणि वंगणही गेले.

आजचा विषय विहिरीचा नाही. सुरुवात तिथून केली कारण ही फसगत तुमच्या-माझ्या अंगावरून गेलेली आहे. यंत्र फिरते आहे याचा अर्थ पाणी वाहते आहे असा नव्हे. ही साधी गोष्ट आपल्या साखर कारखान्यांत, दूध संघांत, शीतगृहांत रोज लागू होते. तिथली यंत्रसामग्री तुमच्या शेअरच्या पैशातून आणि दुधाच्या कपातीतून उभी आहे. म्हणून तिच्या राखणीला ठेवलेल्या एका छोट्याशा वस्तूची ओळख करून द्यावी, आणि तिच्यावर होणाऱ्या अन्यायाबद्दलही चार शब्द लिहावेत, असे वाटले.

त्या वस्तूला म्हणतात फ्लो स्विच. आपण प्रवाहाचा पहारेकरी म्हणू.

सगळ्यात साधा प्रकार आहे पातीचा. पाइपच्या अंगाला एक छोटी डबी बसवलेली असते. तिच्यातून एक पातळ पट्टी पाइपच्या आत लोंबत असते. पाणी वाहू लागले की ही पाती वाऱ्याने ज्वारीचे पान वाकावे तशी पुढे झुकते. पाणी थांबले की डबीतली स्प्रिंग तिला मागे ओढून सरळ करते. पातीच्या वरच्या टोकाला एक बारीक विजेचे बटण असते. पाती झुकली की बटण दाबले जाते, सरळ झाली की सुटते. त्या बटणाच्या वायरी पॅनेलपर्यंत जातात. प्रवाह पुरेसा असला तर सगळे शांत, कमी झाला तर घंटा वाजते, लाल दिवा लागतो, किंवा यंत्रच बंद पडते. इतके सोपे आहे. याला संगणक लागत नाही की इंजिनिअरची पदवी लागत नाही.

आता त्यातला खरा जीव कुठे आहे, तर एका स्क्रूमध्ये. डबीचे झाकण उघडले की स्प्रिंगचा ताण कमीजास्त करायचा एक स्क्रू दिसतो. स्क्रू आवळला की स्प्रिंग कडक होते, मग पाती झुकवायला जास्त प्रवाह लागतो. सैल केला तर थोड्या पाण्यानेही पाती झुकते. म्हणजे 'किती पाणी म्हणजे पुरेसे पाणी' हे त्या स्क्रूने ठरते. कारखान्यातून नवीन आलेला स्विच बहुधा सर्वांत कमी प्रवाहावर लावलेला असतो. तो तसाच बसवून मोकळे होणारे फिटर मी पाहिले आहेत. त्यांना वाटते बसवला म्हणजे काम झाले. आपल्या पाइपला, आपल्या यंत्राला किती पाणी लागते हे त्या डबीला कुठून कळणार? ते माणसानेच सांगायचे असते, त्या स्क्रूने.

पातीची लांबीही पाइपच्या मापाप्रमाणे बदलावी लागते. डब्यात एक इंची, दोन इंची, तीन इंची अशा पात्या येतात, त्यातून निवडायची. मोठ्या पाइपला एक इंची पाती लावली तर ती कडेच्या मंद पाण्यातच हात हलवत बसते. लहान पाइपला लांब पाती लावली तर ती भिंतीला घासून अडकते, आणि अडकलेली पाती 'पाणी आहे, पाणी आहे' असेच सांगत राहते. बाणाची दिशा पाण्याच्या दिशेने हवी. एल्बोच्या किंवा व्हॉल्व्हच्या अगदी तोंडाशी बसवू नये, कारण तिथे पाणी भोवऱ्यासारखे फिरते आणि पाती सारखी फडफडते. पाइपच्या व्यासाच्या पाचपट तरी सरळ लांबी अलीकडे आणि पलीकडे सोडावी. म्हणजे चार इंची पाइप असेल तर दोन्हीकडे वीस-वीस इंच. आडव्या पाइपवर डबी वरच्या बाजूला हवी, खाली बसवली तर गाळ साचून पाती गाडली जाते. या गोष्टी सोबत आलेल्या कागदावर लिहिलेल्या असतात. तो कागद बहुतेक ठिकाणी खोक्याबरोबर भंगारात जातो.

पातीशिवाय दुसरेही प्रकार आहेत. तेलाच्या बारीक लाइनवर नळीत वरखाली होणारा दट्ट्या आणि त्यात चुंबक असा प्रकार दिसतो. बाहेरून एक छोटे बटण वर-खाली सरकवून हव्या त्या आकड्यावर घट्ट करायचे. फक्त एक ध्यानात ठेवायचे की थंडीत तेल घट्ट होते, आणि घट्ट तेल दट्ट्याला ढकलते वेगळ्याच ताकदीने, त्यामुळे उन्हाळ्यात लावलेला आकडा पौषात खोटे बोलू शकतो. उसाच्या कच्च्या रसात भुशाचे बारीक तंतू असतात, ते पातीला गुंडाळतात. तिथे ज्याच्यात हलणारे काहीच नाही असा उष्णतेवर चालणारा स्विच बरा. त्याचे एक टोक किंचित तापवलेले असते, रस वाहिला की ते थंड होते, थांबला की गरम राहते, त्यावरून त्याला प्रवाह कळतो. पण त्यावरही थर बसतोच. पुसल्याशिवाय चालत नाही. काळजीविना चालणारे यंत्र अजून कुणी काढलेले नाही, विक्रेता काहीही सांगो.

आता कुणी म्हणेल, लाइनवर प्रेशर गेज असताना हा वेगळा खटाटोप कशाला? काटा बघितला की कळतेच की पाणी आहे का नाही. ठिबकवाले शेतकरी यावर हसतील. त्यांना माहीत आहे की पुढचा व्हॉल्व्ह बंद असला तर काटा खाली येत नाही, उलट वर चढतो. सेंट्रिफ्यूगल पंपाचा स्वभावच असा आहे की पाणी अजिबात पुढे जात नसते तेव्हा त्याचा दाब जवळजवळ सर्वांत जास्त असतो. तेव्हा काटा बघून समाधान मानणारा ऑपरेटर नेमका सर्वांत धोक्याच्या वेळी खूश असतो. पंपाच्या पोटात तेच पाणी घुसळून तापत असते. बॉयलरला पाणी देणाऱ्या फीड पंपाच्या बाबतीत तर हे पाणी आधीच गरम असते. पुढची वाट बंद झाली तर पोटातच वाफ होऊन पंप काही वेळात जाम होतो. म्हणून अशा पंपाला किमान इतके पाणी वाहिलेच पाहिजे अशी सोय ठेवलेली असते. जास्तीचे पाणी टाकीत परत फिरवतात, पण प्रवाह तुटू देत नाहीत.

पंप चालू आणि पाणी नाही, या एका गोष्टीने केवढा घोळ होऊ शकतो याचे एक उदाहरण जगाला ठाऊक आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात थ्री माइल आयलंड नावाचे अणुवीज केंद्र होते. 28 मार्च 1979 च्या पहाटे चारच्या सुमारास तिथला मुख्य पाणीपुरवठा बंद पडला. ठरल्याप्रमाणे राखीव पंप आपोआप सुरू झाले. पंप छान फिरू लागले. पण त्यांच्या पुढचे व्हॉल्व्ह बंद होते. दुरुस्ती-तपासणीच्या कामात बंद केलेले ते तसेच राहून गेले होते. पाणी पुढे जात नाही हे कर्मचाऱ्यांच्या लक्षात यायला सुमारे आठ मिनिटे लागली. त्याच पहाटे एका दाबमुक्ती व्हॉल्व्हचा दिवा 'बंद' दाखवत होता आणि व्हॉल्व्ह प्रत्यक्षात उघडा अडकलेला होता, कारण तो दिवा व्हॉल्व्हला दिलेला हुकूम दाखवायचा, व्हॉल्व्हची खरी अवस्था नाही. अपघाताची कारणे अनेक होती आणि त्यावर पुष्कळ लिहून झाले आहे. अणुभट्टीचा गाभा काही अंशी वितळला. इतकी शिकलेली माणसे आणि इतकी महाग यंत्रे, तिथेही गल्लत झाली ती हुकूम आणि हकीकत यांच्यात. आपल्या पॅनेलवरचा 'मोटार चालू' हा हिरवा दिवा काय दाखवतो? हुकूमच की.

आपल्याकडे परत येऊ. तालुक्याच्या गावी असलेल्या एका दूध शीतकरण केंद्राची गोष्ट सांगतो. नाव-गाव सांगत नाही, कारण आता ती माणसे सुधारली आहेत आणि झाल्या गोष्टीची त्यांना लाजही वाटते. गावोगावचे दूध संध्याकाळी कॅनमधून तिथे येते, पातळ पत्र्यांच्या कूलरमधून जाते आणि चार अंशांपर्यंत थंड होऊन टाकीत पडते. दूध थंड करायला गार पाणी लागते आणि ते पाणी गार करायला चिलर. चिलरमध्ये नळ्यांचा जुडगा असतो. एका बाजूने पाणी, दुसऱ्या बाजूने गॅस. कॉम्प्रेसर चालू आहे आणि पाणी थांबले, तर नळ्यांच्या जागी साचलेले पाणी गोठते. बर्फ फुगतो हे आपल्याला शाळेत शिकवलेले आहे. नळ्या फुटतात, पाणी गॅसच्या बाजूला शिरते आणि कॉम्प्रेसरच बाद होतो. हे होऊ नये म्हणून पाण्याच्या लाइनवर फ्लो स्विच असतो. पाणी कमी झाले की आधी घंटा, आणि लगेच कॉम्प्रेसर बंद.

त्या केंद्रावर ही घंटा दिवसाआड वाजू लागली. वाजली की कॉम्प्रेसर पडायचा, दूध थांबायचे, बाहेर टेम्पोंची रांग लागायची, टेम्पोवाले शिव्या घालायचे. रात्रपाळीचा ऑपरेटर वैतागला. रोज मरे त्याला कोण रडे! त्याने झाकण उघडले आणि त्या बटणाच्या दोन वायरी एकमेकींना पिळून टाकल्या. आपल्या भाषेत 'डायरेक्ट' केले. त्या दिवसापासून घंटा गप्प झाली. केंद्रप्रमुखांनी शाबासकी दिली म्हणतात. पुढे काही दिवसांनी एका रात्री पंपाच्या अलीकडची जाळी पुरती तुंबली आणि व्हायचे ते झाले. नळ्या फुटल्या. त्या संध्याकाळचे दूध आणि दुसऱ्या दिवशी सकाळचेही नासले. नासलेल्या दुधाचा भुर्दंड शेवटी कुणाच्या बिलात गेला, हे दूध उत्पादकांना सांगायची गरज नाही. दोन म्हशींवर संसार चालवणाऱ्या बाईला चिलर कशाशी खातात हेही माहीत नव्हते.

मी तिथे गेलो तेव्हा नवे चिलर बसत होते. एक वयस्क फिटर आला होता, त्याला विचारले, "का हो, तो स्विच खोटाच वाजत होता ना?" तो म्हणाला, "साहेब, तो कधी खोटं बोलला नाही. जाळी थोडी थोडी तुंबत होती, पाणी थोडं थोडं कमी होत होतं. तो बिचारा ओरडून सांगत होता. ह्यांनी त्याचं तोंड बांधलं." चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

आता त्या ऑपरेटरला शिव्या देणे सोपे आहे. पण मला तसे करवत नाही. रात्रपाळीला एकटा माणूस, पगार ठेकेदारामार्फत, आणि प्लांट बंद पडला की सकाळी सगळ्यांसमोर हजेरी घेतली जाते ती त्याची. वायर डायरेक्ट केली म्हणून कुणाला कधी मेमो मिळाल्याचे ऐकले आहे का तुम्ही? प्लांट थांबवला म्हणून मात्र मिळतो. साखर कारखान्यात हंगाम भरात असताना तर विचारूच नका. बाहेर बैलगाड्या आणि ट्रॅक्टर उभे, ऊस वाळतोय, वजन घटतंय, गाळप एक तास थांबले तरी वरून फोन येतात. व्हॅक्यूम पंपाच्या पाण्याचा स्विच किंवा टर्बाइनच्या तेलाचा स्विच कुरकुरला की पहिला विचार येतो तो त्याला गप्प करण्याचा. ज्या व्यवस्थेत थांबणारा गुन्हेगार आणि रेटणारा हुशार ठरतो, तिथे वायरी पिळल्या जाणारच. दोष वरून खाली येतो, पाण्यासारखाच.

दुसरी बाजूही आहे. काही स्विच खरोखरच विनाकारण वाजतात आणि त्याने माणूस कावतो. लांडगा आला रे आला ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. पण विनाकारण वाजण्याचे कारण बहुतेक वेळा त्या स्क्रूतच असते. समजा लाइनला नेहमी मिनिटाला 300 लिटर पाणी वाहते आणि यंत्राला किमान 200 लागते. कुणी अतिशहाण्याने स्क्रू आवळून तो 290 वर लावला, तर वीज जरा दबली, पंप जरा मंदावला, की घंटा सुरू. आणि कुणी सैल करून 50 वर लावला तर घंटा वाजेल तेव्हा नळ्या फुटून गेलेल्या असतील. या दोन टोकांच्या मध्ये जागा शोधायची. माझे मत विचाराल तर घंटा 240 च्या आसपास वाजावी आणि यंत्र बंद पडायची मर्यादा 200 च्या जरा वर असावी. म्हणजे घंटा वाजल्यावर माणसाला जाळी बघायला, व्हॉल्व्ह बघायला थोडा वेळ मिळतो. त्यासाठी दोन स्विच लागतील. लागू देत. एका कॉम्प्रेसरच्या किमतीपुढे ती किंमत विचारात घेण्याजोगी नाही.

आणखी एक बारकावा. पाती ज्या प्रवाहावर झुकून बटण दाबते, त्याच प्रवाहावर ती बटण सोडत नाही. दाबायला थोडे जास्त पाणी लागते, सोडते ती त्याहून थोड्या कमी पाण्यावर. हा फरक मुद्दाम ठेवलेला असतो, नाहीतर काठावरच्या पाण्याने बटण सारखे टकटक करत राहिले असते. म्हणून स्विच लावताना पाणी कमी करत नेऊन बघायचे, वाढवत नेऊन नव्हे. आपल्याला कळायला हवे ते पाणी कमी होताना घंटा कधी वाजते. वाढवत जाऊन लावलेला स्विच घंटा उशिराच वाजवणार.

लावायची रीत अशी अवघड नाही. मीटर नसेल तर दोनशे लिटरचा ड्रम आणि घड्याळ पुरते. ड्रम चाळीस सेकंदांत भरला तर सेकंदाला पाच लिटर, मिनिटाला तीनशे. व्हॉल्व्ह हळूहळू आवळत जाऊन ड्रम एका मिनिटात भरेल इतका प्रवाह आणला की झाले मिनिटाला दोनशे. पन्नास सेकंदांत भरला तर दोनशे चाळीस. तिथे थांबायचे आणि स्क्रू फिरवत जायचे, घंटा नेमकी वाजेपर्यंत. मग व्हॉल्व्ह उघडायचा, घंटा थांबते का बघायचे. पुन्हा आवळायचा, पुन्हा वाजते का बघायचे. तीनदा एकाच जागी वाजली तर स्क्रूवर रंगाचा ठिपका मारायचा, म्हणजे कुणी हलवला तर कळेल. आणि वहीत लिहायचे: तारीख, आकडा, कुणी लावला. पंप सुरू करताना सुरुवातीची काही सेकंदे पाणी चढेपर्यंत घंटा गप्प राहावी म्हणून टाइमर लावतात, तोही तपासायचा. त्या टाइमरची मुदत कुणी 'कटकट नको' म्हणून मिनिटांमिनिटांनी वाढवून ठेवली नाही ना, हे बघायचे.

वायरिंगचीही एक बाब आहे आणि ती फार मोलाची आहे. पाणी व्यवस्थित वाहत असताना सर्किट जोडलेले असावे, पाणी तुटले की ते तुटावे, आणि तुटलेल्या सर्किटवर घंटा वाजावी. असे केले की उंदराने वायर कुरतडली तरी घंटा वाजते. उलटे केले असेल तर वायर तुटल्याचे कुणालाच कळत नाही आणि ज्या दिवशी गरज पडते त्या दिवशी पहारेकरी मुका निघतो. कारखान्यात उंदरांची कमी नाही, हे मी सांगायला नको.

इतका वेळ कमी पाण्याचीच भीती घातली. जास्त प्रवाहाचाही अलार्म असतो, हे ऐकून काहींना नवल वाटेल. दूध पाश्चराइज करताना ते 72 अंशांवर किमान 15 सेकंद राहावे लागते. एका ठराविक लांबीच्या नळीतून ते जायला जेवढा वेळ लागतो तोच हा वेळ. आता पंपाने दूध जोरात ढकलले तर? तापमान 72 च राहील, थर्मामीटर खूश राहील, पण दूध नळीतून पंधरा सेकंदांच्या आतच बाहेर पडेल. रोगजंतू पुरते मरणार नाहीत. म्हणून मीटरवर वेग धरणाऱ्या यंत्रणेत प्रवाह ठरलेल्या हद्दीच्या वर गेला की दूध पुढे न जाता मागे वळवले जाते. पिशवीतले दूध पिणाऱ्या तुमच्या नातवंडाची राखण तिथला एक आकडा करत असतो, आणि तो आकडाही कुणीतरी माणूसच लावतो. जादा दूध लवकर उरकावे म्हणून तो कुणी वर सरकवला तर बाहेरून काहीही कळत नाही.

शेतकऱ्याच्या पेटीतही आता असा पहारेकरी येऊ लागला आहे. 'ड्राय रन' संरक्षण म्हणतात त्याला. तो पाइपमध्ये पाती घालत नाही, मोटारीचा आकडा बघतो. आकडा ठरलेल्या हद्दीच्या खाली आला की पाणी तुटले असे समजून मोटार बंद करतो. 2019 पासूनच्या कुसुम योजनेतल्या सौर पंपांच्या कंट्रोलरमध्येही कोरड्या चालण्यापासूनचे संरक्षण असते. साध्या स्टार्टरला वेगळे यंत्र बसवावे लागते आणि त्यालाही फिरवायची कळ असते. पाणी भरून चालताना किती अँपिअर आणि पाणी तुटल्यावर किती, हे आपल्याच विहिरीवर बघून मधल्या आकड्यावर ती ठेवायची. दुकानदाराने लावून दिलेली चालणार नाही, कारण त्याने तुमची विहीर पाहिलेली नाही. आणि उन्हाळ्यात डीपीवर ओझे आले, व्होल्टेज पडले, की मोटारीचा आकडा वाढतो, तेव्हा या पहारेकऱ्याचीही फसगत होऊ शकते. म्हणून ही कळ उन्हाळ्यात एकदा पुन्हा तपासावी. कटकट वाटली म्हणून याच्याही वायरी डायरेक्ट करणारे महाभाग आपल्यातच आहेत. मग ऑपरेटरला कोणत्या तोंडाने बोलायचे?

आता मागणी. आपल्या कारखान्यांत दरवर्षी दसऱ्याच्या सुमारास बॉयलरचे अग्निप्रदीपन होते. नारळ फुटतात, पेढे वाटले जातात, संचालक मंडळ सपत्नीक पूजेला बसते. पूजा जरूर करावी. पण त्याआधीच्या दोन-तीन महिन्यांत, ओव्हरहॉलिंग चालू असताना, प्रत्येक फ्लो स्विच प्रत्यक्ष पाणी कमी करून वाजवून बघितला का? नुसते बोटाने बटण दाबून घंटा वाजवणे ही तपासणी नव्हे, त्याने फक्त घंटा तपासली जाते, पाती अडकली आहे की नाही हे कळत नाही. चालू हंगामात एखादा स्विच खरेच बिघडला आणि तो काही तास डायरेक्ट करणे भाग पडले, तर करा. पण ते वहीत लिहा: कुणाच्या परवानगीने, किती वाजेपर्यंत, आणि तोवर त्या लाइनवर कोण माणूस डोळ्यांत तेल घालून उभा राहणार. पाळी बदलताना ती वही पुढच्या माणसाच्या हातात पडली पाहिजे. आणि घंटा ऐकून यंत्र थांबवणाऱ्याला सकाळी झापू नका, आधी जाळी उघडून बघा.

सर्वसाधारण सभेत आपण उसाचा दर विचारतो, दुधाचा फॅट विचारतो, दिवाळीच्या साखरेबद्दल आवाज चढवतो. ते विचारलेच पाहिजे. पण अहवालाच्या पाठीमागे 'यंत्रसामग्री दुरुस्ती व देखभाल' या सदराखाली एक रक्कम छापलेली असते, तिच्यावर कुणी हात वर केल्याचे मी अजून पाहिलेले नाही. या वेळी एक साधा प्रश्न विचारा: "आपल्या प्लांटमध्ये आज रोजी किती अलार्म डायरेक्ट केलेले आहेत?" उत्तर 'एकही नाही' असे पटकन आले तर म्हणा, "वही दाखवा."

त्या शीतकरण केंद्रावर मी परवा पुन्हा गेलो होतो. नव्या चिलरच्या लाइनवर स्विच आहे, एल्बोपासून लांब, सरळ पाइपवर. स्क्रूवर लाल रंगाचा ठिपका आहे. शेजारी खिळ्याला दोरीने वही टांगलेली आहे. पाने चाळली. शेवटची नोंद दहा दिवसांपूर्वीची, रात्री सव्वाअकराची: 'घंटा वाजली. जाळी काढून धुतली. वीस मिनिटं प्लांट बंद.' खाली त्याच ऑपरेटरची सही.